‘मला’ वगळून

रक्ततपासणीच्या खोलीत तिला सगळे डासबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि ती ओ देत असे. सव्वीस वर्षं रोज सकाळी सात ते दोन लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून रक्त काढणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? हे नाव ठेवणारा क्ष-किरण विभागातला थट्टेखोर माणूस कधीच निवृत्त झाला, त्याचं नाव कोणाला आठवत नाही, पण त्याने ठेवलेलं नाव मात्र चिकटलं.

खोलीत दोन खुर्च्या होत्या, दोन्हींना हात ठेवायला रुंद फळी, आणि मध्ये एके काळी हिरवा असलेला पडदा. ट्रेमध्ये जांभळ्या, लाल आणि करड्या टोपणांच्या नळ्या. खिडकी होती, पण रंग देणाऱ्याने ती रंगातच बंद करून टाकली होती. बाहेर बाकांवर उपाशीपोटी आलेले लोक, आणि उपाशी माणूस म्हणजे निम्मं भांडण आधीच झालेलं. त्यांच्यापुढे डासबाई दिवसभर चार वाक्यं बोलायच्या. “मूठ आवळा. टोचेल थोडं. सोडा मूठ. कापूस दाबून धरा.” समोर कोणी रडो, ओरडो, चक्कर येऊन पडो, या चार वाक्यांचा सूर बदलत नसे. लोक म्हणत, किती शांत बाई! शांत माणसाचं कौतुक करणाऱ्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही, हे त्यातलं सुख.

दोन वाजता ती उठे तेव्हा पायांचे तुकडे पडलेले असत. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं, कमरेत पट्टा, टाचा भेगाळलेल्या. बस मिळाली तर बसने, नाही तर चालत घरी. घरी कोणी नाही. भात टाकायचा, खायचा, आडवं व्हायचं. हा थकवा काही जगावेगळा नव्हता. तिच्या वयाच्या निम्म्या बायकांचा असतो तसाच. फरक एवढाच की ती तो कोणाला सांगत नसे, आणि आपण सांगत नाही हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

याचं मूळ अठरा वर्षांमागे होतं. नवरा एका दुपारी कामावरून आला नाही. फोन आला, ती गेली, तोवर सगळं संपलेलं होतं. मुलगी अकरा वर्षांची. पुढचे दोन महिने ती नळ्यांवर चुकीची नावं लिहीत राहिली. जांभळ्यात घ्यायचं ते लालमध्ये घेतलं. शेवटी पडद्यापलीकडच्या जोडीदारणीने तिला हाताला धरून गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत नेलं. तिथे पोस्टातून निवृत्त झालेले एक काका पहाटे लोकांना ध्यानाला बसवत. गादीवाल्याने जागा फुकट दिली होती, आणि वर बसलेल्यांपैकी निदान दोघे तरी रोज घोरत, ही खालच्या मालाचीच जाहिरात असं तो म्हणे.

काकांची रीत सोपी होती. तासभर डोळे मिटून बसायचं. मनात जे येईल ते बघायचं, त्याला नाव द्यायचं, आणि जाऊ द्यायचं. फक्त एक नियम. नाव देताना ‘मला’ म्हणायचं नाही.

“‘मला राग आला’ नाही,” काका सांगत. “नुसतं ‘राग आला’. थोड्या वेळाने ‘राग गेला’. पाऊस आला, पाऊस गेला म्हणतो ना आपण? ‘मला पाऊस आला’ म्हणतं का कोणी?”

लोक हसत. ती हसली नाही. तिला त्या एका वाक्याने तारलं. हे खोटं नव्हे आणि त्यात थट्टाही नाही. जे तिच्या छातीवर येऊन बसलं होतं ते ‘दुःख आलं’ म्हटल्यावर जरा बाजूला सरकून बसलं. महिन्याभरात नळ्यांवरची नावं बरोबर येऊ लागली. नोकरी वाचली, मुलीची शाळा चालू राहिली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला तर फळी मिळाली होती. ती फळी तिने खाली ठेवलीच नाही; पुढे रविवारी काकांकडे आणि एरवी पहाटे घरीच दार लावून ती बसू लागली.

बैठक संपे, ती घरी येई, पण ‘मला’ काही घरी येत नसे. “कंटाळा आला.” “डोकं दुखतंय.” “बरं वाटत नाहीये.” यात कोणाला काय खटकणार? आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे. राग येतो, झोप येते, आठवण येते; माणूस आपला दार उघडं टाकून बसलेला, येणाऱ्याने यावं, जाणाऱ्याने जावं. ‘मला’ गाळलं तरी वाक्य उभं राहतं. त्यामुळे या बाईच्या तोंडून तो शब्द नाहीसा झालाय हे अठरा वर्षं जोडीदारणीला कळलं नाही, शेजाऱ्यांना कळलं नाही, काकांनाही कळलं नाही. कळलं फक्त मुलीला.

मुलगी आता एकोणतीस वर्षांची, विमा कंपनीच्या कचेरीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. पाचवा महिना लागला होता. त्याच सुमाराला तिला कचेरीत एकदम धाप लागू लागली, छाती आवळू लागली, आता मरतेच असं वाटू लागलं. डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे, समुपदेशकाकडे जा. ती जाऊ लागली. आणि तीन-चार भेटींनंतर एका संध्याकाळी तिने आईला फोन केला.

“आई, बाळ झाल्यावर तू येऊ नकोस.”

“बरं,” आई म्हणाली.

“बघ! ‘बरं’ म्हणालीस! दुसऱ्या कोणाची आई असती तर भांडली असती!”

फोन बंद झाल्यावर आईने नेहमीसारखं मनात बघितलं. काहीतरी आलं होतं. नाव द्यायला गेली तर नाव सापडेना, आणि ते जाईनाही. कधी तरी नातवंड होईल म्हणून तिने गेल्या वर्षापासून रजा साठवून ठेवली होती. हे कोणालाच माहीत नव्हतं.

आठवड्याने मुलीचाच निरोप आला. समुपदेशक बाई म्हणतात एकदा आईला घेऊन या. येशील का? ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली.

समुपदेशक बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर खाली दातांचा दवाखाना. वर कोणी मनातलं बोलू लागलं की खालून ड्रिलचा आवाज येई. बाई पस्तिशीच्या, सर्दीने बेजार, टेबलावरचा टिशूचा डबा पेशंटपेक्षा त्यांनाच जास्त लागत होता. त्यांनी नियम सांगितला. इथे ‘तू’ने सुरू होणारी वाक्यं नकोत, ‘तू असं केलंस, तू तसं केलंस’ नको. वाक्य ‘मला’ने सुरू करा.

मुलीने श्वास घेतला. “मला असं वाटतं की तू दगड आहेस.”

“हे ‘तू’चंच वाक्य झालं,” बाई शिंकता शिंकता म्हणाल्या, “वर ‘मला’ची टोपी घातलेलं. पुन्हा.”

मुलगी खाली बघत बोलू लागली. “मी बारा वर्षांची होते. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. मी हिला विचारलं, आई, तुला बाबांची आठवण येते का? ही म्हणाली, ‘आठवण येते, आठवण जाते.’ भाजी चिरत होती. मान वर केली नाही. मला रोज आठवण यायची, आणि जायची नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. म्हणून मी परत कधी विचारलं नाही.”

खालचं ड्रिल थांबलं. बाई आईकडे वळल्या. “हे ऐकून काय झालं?”

“दुःख झालं.”

“कोणाला?”

“झालं ना. वाईट वाटलं.”

“कोणाला वाटलं, आई?” बाईंचा आवाज मऊ होता, पण पकड सुटत नव्हती.

तिने तोंड उघडलं. जिन्याची आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच असावी, तसं झालं. शब्द दोन अक्षरांचा. शेंबडं पोरही दिवसातून शंभरदा म्हणतं, मला दे, मला पाहिजे. तो हिच्या जिभेवर येईना. मुलगी टक लावून बघत होती. आईच्या तोंडून आता काय येतं यावर पुढचं सगळं होतं, आणि हे त्या खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होतं.

“मला,” ती म्हणाली. “मला वाटतं… हिला पाणी द्या.”

मुलगी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. ती पर्स घेऊन उठली. “मांजर डोळे मिटून दूध पितं आई, पण मी तर समोर बसून बघत होते ना.” दाराशी वळून ती म्हणाली, “नको येऊस, खरंच. माझ्या बाळाला असं काही विचारायची पाळी यायला नको.”

आई बसूनच राहिली. समुपदेशक बाईंनी तिला पाणी दिलं. “तुमचं ध्यान वाईट आहे असं मी म्हणत नाहीये,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः लोकांना श्वासाकडे बघायला सांगते. तुमच्या मुलीलाही सांगितलं होतं. तिने पेला आपटला. म्हणाली, आईने अठरा वर्षं श्वास बघितला, मला नाही बघितलं.”

त्या रात्री तिने प्रयत्न केला. ओट्याशी उभी राहून, भांड्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात. “मला भूक लागली.” हे जमलं. “मला झोप आली.” हेही जमलं. “मला गुडघा दुखतो.” इथे ती अडखळली. मग लक्षात आलं की इथे ‘माझा’ लागतो. अठरा वर्षांत व्याकरणही हातचं गेलं होतं. तिला स्वतःचीच कीव आली, आणि ती कीव ‘आली’ एवढंच न म्हणता कोणाला आली ते म्हणायचं राहूनच गेलं, कारण तोवर भात करपला.

रविवारी बैठक संपल्यावर ती मागे थांबली. काका आता ऐंशीचे झाले होते. भिंतीला टेकून मोजे घालत होते, आणि एका मोज्याला पाच मिनिटं लागत होती. तिने सगळं सांगितलं. काकांनी मोजा अर्ध्यावर सोडला.

“घरीसुद्धा?” ते म्हणाले. “घरीसुद्धा ‘मला’ नाही?”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“अहो, बैठकीपुरतं! तासभर!” काकांना खोकला आला. “चपला बाहेर काढायला सांगितल्या म्हणून अनवाणी घरी जायचं असतं का?”

तिला संताप आला. अठरा वर्षांनी सांगताय? हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थिजले. काकांनी ते वाचले असावेत, कारण त्यांचा चेहरा उतरला.

“माझीही चूक आहे,” ते म्हणाले. “तुम्ही कधी त्रास दिला नाहीत. बाकीचे येऊन रडतात, भांडतात, प्रश्न विचारून डोकं खातात. तुमचं सगळं बरं चाललंय असं मी धरून चाललो. जो पोरगा त्रास देत नाही त्याची वही मास्तर तपासत नाही.” मग जरा वेळाने, “राग आपला नाही हे कळावं म्हणून ‘मला’ सोडायचं. पण बाई, जे कधी हातात घेतलंच नाही, ते सोडलं कसं म्हणायचं?”

खाली वाकून तिने त्यांचा अर्ध्यावरचा मोजा चढवून दिला, कारण त्यांना ते जमत नव्हतं आणि तिला बघवत नव्हतं. मग चढत्या उन्हात चालत घरी गेली. बस येत होती, पण तिने ती जाऊ दिली. तिला चिडायचं होतं, आणि त्याला वेळ हवा होता.

तीन आठवडे मुलीचा फोन नाही. तिनेही केला नाही. केला तर ‘बरं’च तोंडात येईल याची धास्ती. जीव टांगणीला लागला म्हणतात तो असा. काम मात्र चालू होतं. मूठ आवळा, टोचेल थोडं, सोडा मूठ.

आणि मग एका मंगळवारी पडद्यापलीकडून जोडीदारणीचा आवाज आला. “ताई, जरा इकडे येता का? शीर पळतेय हिची. दोनदा टोचलं, आता माझी हिंमत नाही.”

ती पडदा सारून गेली तर खुर्चीत मुलगी. सातव्या महिन्यातली साखरेची तपासणी. तिच्या डॉक्टरांनी याच रुग्णालयात पाठवलं होतं. मुद्दाम पडद्यापलीकडची खुर्ची धरली होती हे उघड होतं. दोन ठिकाणी कापूस, ओठ पांढरे, आणि आईकडे न बघता भिंतीकडे बघणं चाललेलं. जोडीदारणीने दोघींकडे पाहिलं, “मी नळ्या देऊन येते,” म्हणाली आणि गेली. शहाणी बाई.

डासबाईंनी पट्टा बांधला. बोटाने चाचपलं. शीर सापडली, जरा खोल, आत वळलेली. ही शीर बापाकडून आलेली, हे तिला माहीत होतं. सुई हातात घेतली आणि सुईचं टोक हलू लागलं.

भीती आली, तिने सवयीने मनात म्हटलं, आणि ती जायची वाट बघितली. भीती गेली नाही. बाहेर कोणीतरी ओरडलं, “अहो, नंबर पुढे सरकणार आहे की नाही?” तिने सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

“काय झालं?” मुलगी भिंतीला उद्देशून म्हणाली.

“मला भीती वाटतेय.”

मुलीने मान वळवली. “कशाची? रक्तच तर काढायचंय.”

“रक्ताची नाही. तू मला येऊ देणार नाहीस याची.” आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “मला बाळाला बघायचंय. मला तुझ्याजवळ राहायचंय. मी वर्षभर रजा साठवलीये, मला कोणाला सांगता आलं नाही. मला तुझा फोन आला नाही तर झोप लागत नाही. मला त्या दिवशी…” बाहेरच्या रांगेसारखेच हे सगळे ‘मला’ उपाशी उभे होते, एकाला आत घेतलं तशी ढकलाढकली सुरू झाली.

“आई. आधी पट्टा सोड. हात बधिर झालाय.”

तिने घाईघाईने पट्टा सोडला. सव्वीस वर्षांत पट्टा बांधून ती बोलत बसली नव्हती. मुलगी दंड चोळू लागली.

“आणि बाबा?” मुलीने विचारलं. बारा वर्षांच्या मुलीने विचारावं तसं.

“मला रोज आठवण यायची. पहाटे बसायचे ना मी, तो सगळा तास तेवढ्यातच जायचा. कित्येक वर्षं. मला वाटायचं, तुझ्यासमोर आणलं नाही म्हणजे तुला त्रास नाही.”

“मला वाटायचं, आठवण फक्त मला एकटीलाच येते,” मुलगी म्हणाली, आणि तोंड ओंजळीत लपवून रडली. डासबाई उभ्या राहिल्या. त्यांना आपले हात कुठे ठेवावेत कळेना, मग त्यांनी ते मुलीच्या केसांवर ठेवले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हातमोजे घातले होते. बाहेरचा माणूस पुन्हा ओरडला. “थांबा जरा!” त्या त्याच्यावर खेकसल्या. त्या खोलीतून असा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. बाहेर चिडीचूप झालं.

मुलीने नाक ओढलं आणि हात पुन्हा फळीवर ठेवला. “काढ आता. तुझा हात थरथरला तरी चालेल.”

थरथरलाच. दुखलंही. पण नळी भरली. मुलगी कापूस दाबून बसली.

“पहिले दोन महिने येऊन राहशील? एवढी रजा मिळेल?”

“मिळेल.” ती नळीवर नाव लिहीत होती, आणि मान वर करून म्हणाली, “पण पहाटे एक तास मला बसावं लागेल. ते मला लागतं. ते सोडून मी यायची नाही.”

“बस की.” मुलीने जरा विचार केला. “पण बाळ रडलं तर उठशील?”

“उठेन. पण मला राग येईल. बसले असताना कोणी उठवलं की मला फार राग येतो. तू दार वाजवायचीस तेव्हाही यायचा.”

“माहीत होतं मला,” मुलगी म्हणाली. “एक तुलाच माहीत नव्हतं.”